भाऊबीजेला अडलेला घाणा: अडगळीतून उभ्या केलेल्या एका बुशचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गुऱ्हाळाचं आणि त्याच रस्त्यावरच्या एका जुन्या वर्कशॉपचं आहे. गाव आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. मी फिटर ट्रेड शिकवतो आणि त्या दिवशी कामात हाताशी होतो. वर्कशॉपमध्ये सामान असूनही ते वेळेवर का सापडत नाही, आणि सापडलेल्या परक्या वस्तूतून भरवशाचं काम कसं काढावं, हे या एका दिवसात फार स्पष्ट दिसलं. म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

गुऱ्हाळ मध्यम आकाराचं आहे. ऊस पिळणारा तीन आडव्या रोलरचा घाणा, १५ हॉर्सपॉवरची मोटर, पट्टा आणि दातेरी चाकं. तासाला साधारण टनभर ऊस निघतो. रोलर फिरतो मिनिटाला जेमतेम १२ फेरे. तीन रोलरच्या दोन्ही टोकांना मिळून सहा बेअरिंग आहेत आणि सगळीकडे गनमेटलचे (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे) बुश, म्हणजे ज्यांत रोलरचा शाफ्ट फिरतो त्या जाड नळ्या. बॉल बेअरिंग नाही. रस, चिपाडाचा भुसा आणि पाणी यांच्यात साधा बुशच टिकतो, आणि गावातल्या लेथवर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, तो बनवताही येतो.

आपल्याकडे गुळाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास तापतो. पाडव्याला बाजार समितीत मुहूर्ताचे सौदे निघतात आणि त्यानंतरचे काही दिवस प्रत्येक गुऱ्हाळाला आपला माल लवकर बाजारात न्यायचा असतो. नेमके त्याच दिवसांत शिवाजी उद्यमनगरातल्या आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्या (धातू ओतायचे कारखाने) दिवाळीसाठी बंद असतात. एरवी सकाळी दिलेला बुश संध्याकाळपर्यंत ओतून, कातून मिळेल असा हा मुलूख, पण दिवाळीच्या आठवड्यात भट्टीच पेटलेली नसते.

वर्कशॉपचे मिस्त्री साठीच्या पुढचे. पंप, ऑइल इंजिन, घाणे, ट्रॅक्टरची अवजारं यांत त्यांची हयात गेली. पत्र्याच्या लांब शेडमध्ये पुढे लेथ, ड्रिल आणि वेल्डिंग. मागच्या दोन तृतीयांश जागेत साठवण. साखर कारखान्याच्या लिलावातून आणलेलं भंगार, लिफ्ट इरिगेशनच्या पंपांची आवरणं, जुन्या इंजिनांची फ्लायव्हील, पोत्यांतले नटबोल्ट, डब्यांवर डबे. बाहेरच्याला ती अडगळ वाटेल. पण त्या शेडमधल्या बऱ्याचशा वस्तूंनी कधी ना कधी कुणाचं तरी रान वाळण्यापासून वाचवलेलं आहे.

अडचण

भाऊबीजेच्या सकाळी दहाच्या सुमारास घाण्यातून किरकिर ऐकू आली, मग जळका वास आला आणि पट्टा घसरायला लागला. मालकांनी लगेच मोटर बंद केली. वरच्या रोलरचं चाकाकडचं बेअरिंग हात लावता येणार नाही इतकं तापलं होतं.

खोलल्यावर कारण दिसलं. ग्रीस जायचं भोक भुसा आणि वाळलेल्या रसाच्या चिकट्याने पूर्ण बुजलं होतं. वरून ग्रीस भरलं जात होतं, पण ते आत न जाता बाजूने बाहेर येत होतं. बुश कोरडा चालला, शाफ्टला धरून बसला, त्याला जागेवर रोखणारी पिन तुटली आणि तो आपल्या घरात, म्हणजे ज्या पोकळीत बसतो तिथे, फिरून दोन ठिकाणी तडकला. वरच्या रोलरवर खालच्या दोन्ही रोलरचा दाब येतो, म्हणून कोरडं पडलेलं बेअरिंग तिथलं असेल तर आधी तेच जातं. शाफ्टवरही ओरखडे उठले होते.

त्या वेळची स्थिती अशी: एक आदण (एका वेळी शिजवायचा रस) काईलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उकळत होतं, टाकीत दीड आदणाचा रस होता, आणि तोडलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या दारात उभ्या होत्या.

पहिला निर्णय: आधी काय वाचवायचं

मालकांची पहिली काळजी उसाची होती. "दोन ट्रॉल्या ऊस पडलाय मिस्त्री, आजच्या आज काय तरी करा," हेच ते फोनवर सांगत होते. गूळ शिजवणाऱ्या गुळव्याने मात्र वेगळा हिशेब मांडला, आणि तोच बरोबर होता. तोडलेला ऊस सावलीत, पाल्याखाली आणि वरून पाणी मारून ठेवला तर एक दिवस फारसं नुकसान न होता निघतो. रसाला ती सवलत नाही. काढलेला रस उन्हाच्या वेळी काही तासांत आंबायला लागतो. त्यातली साखर फुटते आणि असा रस कितीही आटवला तरी ढेप नीट धरत नाही.

म्हणून तीन गोष्टी लगेच झाल्या. शेतातली तोड थांबवली. चुलवाण विझू न देता चालू आदण पूर्ण करून टाकीतला रस पुढे घ्यायचं ठरलं, कारण त्या कामाला घाणा लागत नाही. आणि एक ट्रॉली शेजारच्या गावातल्या ओळखीच्या गुऱ्हाळाकडे रवाना केली.

या तीन गोष्टींमुळे दुरुस्तीला रात्रीपर्यंतचा वेळ मिळाला. घाई कशाची आहे हे नीट ठरवलं नसतं, तर पुढचे सगळे निर्णय "लवकर काय होईल" या एकाच प्रश्नावर गेले असते, आणि मग तडकलेला बुश डागून बसवण्यापर्यंत मजल गेली असती.

समोर असलेले पर्याय

तडकलेला बुश ब्रेझिंगने, म्हणजे पितळेचा टाका घालून, जोडणं हा सर्वांत जवळचा मार्ग होता. मिस्त्रींनी तो पाहताक्षणी नाकारला. वर्षानुवर्षं ग्रीस मुरलेल्या धातूला टाका धरत नाही, आणि धरला तरी तापून वाकलेला बुश गोल राहत नाही.

दुसऱ्या बंद गुऱ्हाळाच्या घाण्यातला बुश काढून आणायची सूचना आली. जवळ दोन घाणे होते, दोन्ही वेगळ्या बनावटीचे. फोनवर मापं विचारली तेव्हा एकाचा शाफ्ट बारीक निघाला आणि दुसऱ्याच्या मालकाला चार दिवसांनी स्वतःचं गुऱ्हाळ सुरू करायचं होतं. त्याचा बुश मागणं बरं दिसलं नसतं.

फौंड्री उघडेपर्यंत थांबणं हा सर्वांत सुरक्षित पर्याय. पण त्यात चार-पाच दिवस जाणार, आणि उक्त्यावर आलेली माणसं तेवढे दिवस बसून राहत नाहीत. एकदा गेलेली टोळी हंगामात परत मिळणं कठीण.

त्या बाजूचा दाब सैल करून तसंच चालवू, असंही एकाने सुचवलं. तिरका चाललेला वरचा रोलर दातेरी चाकं मोडतो, आणि ऊस घालणाऱ्याचा हात त्या रोलरपासून हातभर अंतरावर असतो. त्यावर कुणी चर्चाही केली नाही.

राहिला शेवटचा मार्ग: वर्कशॉपमध्ये काही सापडतं का ते पाहून त्यातून बुश उभा करणं.

शोध: पहिली फेरी

मिस्त्रींना आठवत होतं की अशाच घाण्याचा एक जुना बुश त्यांनी ठेवलेला आहे. "हाय कुठंतरी, मी स्वतः ठेवलाय," असं म्हणत ते मागच्या कोपऱ्यात शिरले. त्यांचे दोन हाताखालचे आणि मी मागे. पोती उपसली, डबे पालथे केले. प्रत्येकजण "घाण्याचा बुश" शोधत होता, म्हणजे मनात एक ठरावीक चित्र धरून तेवढंच पाहत होता. दोन तास असेच गेले. बुश सापडला नाही. कदाचित तो कधीच कुणाला तरी लागला असेल आणि आठवण तेवढी मागे राहिली असेल.

हा या प्रकरणातला सर्वांत महागडा वेळ, आणि मला तोच जास्त शिकवून गेला. मिस्त्रींची स्मरणशक्ती विलक्षण आहे. एरवी ते अंधारातही हवा तो नट काढून देतात. पण स्मरणशक्ती वस्तूला नावाने ओळखते, आणि त्या नावाची वस्तू शेडमध्ये नसली की ती माणसाला त्याच कोपऱ्यात फिरवत ठेवते.

शोध: दुसरी फेरी

जेवायला बसलो तेव्हा लेथवाला दादा बहिणीकडून ओवाळून घेऊन आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "माप किती?" तोपर्यंत कुणी शाफ्ट नीट मोजलाच नव्हता. सगळे "तीन इंची" म्हणत होते.

मग कामाची दिशाच बदलली. शाफ्टवरचे ओरखडे बारीक फाइल आणि एमरी पट्टीने साफ केले. तीन जागी, प्रत्येक जागी दोन दिशांनी मापं घेतली. मूळचा ७५ मिमीचा जर्नल (शाफ्टचा बुशात फिरणारा भाग) आता सगळीकडे ७४.३ च्या आसपास होता; जिथे बुश धरून बसला होता तिथे थोडा खोलगट, पण चालण्याजोगा. बुश ज्या घरात बसतो त्याचं भोक १०० मिमी, लांबी ११० मिमी. ही तीन मापं खडूने शेडच्या दारावर लिहिली, आणि त्याखाली नावाऐवजी गरज लिहिली:

आतून ७४ पेक्षा लहान. भिंत निदान ८ मिमी उरेल इतका जाड. लोहचुंबकाला न चिकटणारा, लालसर पिवळा ओतीव धातू. लांबी कमी असली तरी चालेल, जोडता येईल. बाहेरून लहान असला तरी चालेल, वर बाही चढवता येईल.

शेवटच्या दोन ओळी लेथवाल्या दादाच्या. त्या लिहिल्या गेल्या आणि शेडमधल्या पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वस्तू उपयोगाच्या दिसायला लागल्या. आता कुणी बुश शोधत नव्हतं. धातू आणि माप शोधत होतं. पोरांच्या हातात चुंबक आणि मापं घ्यायचा व्हर्निअर दिला. जे चुंबकाला चिकटेल ते लगेच बाजूला, बाकीचं मोजून दारापाशी.

तासाभरात दारापाशी पाच उमेदवार जमा झाले. पंपाचा ब्राँझचा इंपेलर: धातू चांगला, पण भिंत पातळ. पितळी पाइपचा तुकडा: रंग पिवळाधमक, ओतीव नाही, आणि पितळ अशा दाबाला लवकर झिजतं. पांढऱ्या नायलॉनचा जाड गोळा: हा मला व्यक्तिशः मोहात पाडत होता, कारण कातायला सोपा आणि ग्रीस कमी पडलं तरी सांभाळून घेणारा. पण नायलॉन पाणी पिऊन फुगतो आणि ओल्या, तापणाऱ्या जागी शाफ्टला आवळून धरतो. बिडाची स्लीव्ह चुंबकाला चिकटूनही एकाने आणून ठेवली होती. मंद गतीला बीड चालतं, पण ग्रीस जरा कमी पडलं तर ते शाफ्ट खरवडतं, आणि आपला शाफ्ट आधीच दुखावलेला.

पाचवा उमेदवार म्हणजे साखर कारखान्याच्या भंगारातल्या दोन आखूड, जाड कड्या. बाहेरून ९४ मिमी, आतून ६८, लांबी प्रत्येकी ५८. काळ्या पडलेल्या, एका तुटक्या गिअरखाली दबलेल्या. पहिल्या फेरीत मी स्वतः त्या हातात घेऊन बाजूला ठेवल्याचं मला आठवतं, कारण त्या बुशसारख्या दिसत नव्हत्या. फाइल मारल्यावर आतून लालसर पिवळा रंग निघाला. लेथवर पहिला कट घेतला तेव्हा चिप लांब न सुटता बारीक कण होऊन पडत होती. ओतीव ब्राँझची ही ओळख.

दुसरा निर्णय: धातूत शिसं असेल तर?

इथे मी काम थोडं थांबवलं, आणि मिस्त्रींनी ते मनावर घेतलं याचं मला समाधान आहे. जुन्या पद्धतीच्या गनमेटलमध्ये ८८ टक्के तांबं, १० टक्के कथील आणि २ टक्के जस्त असतं. पण बाजारात फार चालणाऱ्या दुसऱ्या मिश्रणात ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के असतं. काही बेअरिंगच्या धातूंत शिसं याहूनही जास्त असतं, कारण शिशामुळे बुश शाफ्टशी मऊ वागतो. भंगारातल्या कडीत काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही. आणि हा घाणा गूळ करतो. लोक तो गूळ लहान मुलांच्या हातावर ठेवतात.

बेअरिंग रसाच्या तबकाच्या बाहेर असतं हे खरं. पण बेअरिंगमधून गळणारं काळं ग्रीस रोलरच्या कडेने रसात उतरताना मी अनेक गुऱ्हाळांत पाहिलं आहे. म्हणून दोन अटी ठरल्या. रोलर आणि बेअरिंगच्या मध्ये शाफ्टवर रबराची घट्ट चकती बसवायची, म्हणजे ग्रीस तिथेच अडून खाली पडेल, आणि त्याखाली वेगळं पत्र्याचं तबक लावायचं. दुसरी अट अशी की फौंड्री उघडताच माहितीतल्या धातूचा नवा बुश ओतून हा काढायचा. "चाललाय की, राहू दे," हे म्हणायचं नाही.

प्रत्यक्ष काम

दोन कड्या, दोघींची लांबी मिळून ११६ मिमी. फेसिंग करून, म्हणजे टोकं सपाट कातून, प्रत्येकी ५३.५ मिमी केली आणि मध्ये ३ मिमीची फट सोडली, एकूण ११०. ही फट ग्रीसच्या भोकाखाली येईल अशी ठेवली, म्हणजे वेगळी खाच न कोरता शाफ्टभोवती ग्रीसची पूर्ण कडी मिळाली. ही कल्पना मिस्त्रींची. दोन तुकड्यांचा जोड बुशला कमजोर करेल अशी आम्हाला भीती होती, आणि त्यांनी तोच जोड कामाला लावला.

बाहेरची बाही जाड भिंतीच्या लोखंडी पाइपची. ती आतून ९४ ला घट्ट बसेल अशी कातली आणि दोन्ही कड्या प्रेसने आत बसवल्या. बाहेरचं १०० चं माप त्यानंतर कातलं, आणि आतलं बोअरिंग, म्हणजे भोक मापाला कातणं, सगळ्यांत शेवटी. क्रम महत्त्वाचा आहे: घट्ट बसवलेली कडी आतून आवळते, त्यामुळे आधी बोअर केलेलं माप बसवल्यावर कमी भरतं.

आतलं माप किती ठेवायचं यावर बराच वाद झाला. लेथवाल्या दादाला दहा शतांश मिलिमीटरची फट हवी होती, पंपाला ठेवतो तशी. पण पंप मिनिटाला हजारावर फेरे घेतो आणि इथे शाफ्टचा पृष्ठभाग मिनिटाला तीन मीटरसुद्धा सरकत नाही. अशा मंद गतीला ग्रीसचा पडदा नीट तयारच होत नाही, धातू धातूला टेकूनच चालतो, आणि आत भुसा येणार हे गृहीत आहे. शिवाय शाफ्ट एका जागी खोलगट. शेवटी बोअर ७४.५ ठेवलं, म्हणजे फट वीस शतांश. बुश पुन्हा घरात फिरू नये म्हणून बाहेरून दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) बाहीतून कडीच्या अर्ध्या भिंतीपर्यंत नेले, दोन्ही कड्यांना एकेक.

बसवण्यापूर्वी बाकीच्या पाचही बेअरिंगची ग्रीसची भोकं तारेने आणि रॉकेलने साफ केली. त्यांतली आणखी दोन जवळजवळ बुजलेली होती. हे केलं नसतं तर त्याच आठवड्यात दुसरं बेअरिंग गेलं असतं.

रात्री अकराच्या सुमारास घाणा अर्धा तास रिकामा फिरवला. मग एका वेळी दोन उसांपासून सुरुवात. ऊस घालणाऱ्याला रोजच्यापेक्षा पाऊण वेगाने घालायला सांगितलं आणि बेअरिंगपाशी एक पोरगा बसवला: दर अर्ध्या तासाने हात लावून पाहायचं आणि दोन दाब ग्रीस मारायचं. हात धरवेना झाला तर कुणाला न विचारता मोटर बंद करायची, हा अधिकार त्याला मालकांनी सर्वांसमोर दिला.

परिणाम

घाणा त्या रात्री चालला आणि फौंड्री उघडेपर्यंत चालत राहिला. बेअरिंग कोमट व्हायचं, त्यापलीकडे नाही. टाकीतल्या रसाचं पुढचं आदण दुपारी निघालं. रंग थोडा गडद, पण ढेप धरली. उरलेला अर्ध्या आदणाचा रस संध्याकाळपर्यंत बिघडला. गुळव्याने तो ११८ अंशांपर्यंत नेऊन गूळ करायचा हट्ट धरला नाही. १०५ च्या आसपास उतरवून त्याची काकवी केली. मालकांचं नुकसान तेवढंच, आणि शेजारच्या गुऱ्हाळाचं भाडं.

नवा गनमेटलचा बुश आल्यावर तात्पुरता काढून मोजला. रोलरकडची कडी बाहेरच्या कडीपेक्षा स्पष्टपणे जास्त झिजली होती. मधल्या फटीत काळं ग्रीस आणि भुसा घट्ट बसला होता, म्हणजे ती फट कचराही गोळा करत होती. काही आठवडे चालवला असता तर याच फटीने ग्रीसची वाट पुन्हा अडवली असती. रबराच्या चकतीबाहेर काळं ग्रीस होतं, आत रोलरच्या कडेला नव्हतं. या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ती चकती. मालकांनी नंतर सहाही ठिकाणी तशाच चकत्या करून घेतल्या.

काय वेगळं करता आलं असतं

मोजमाप सकाळीच व्हायला हवं होतं. शाफ्ट थंड होताच अर्धा तास देऊन तीन मापं लिहिली असती, तर पहिली दोन तासांची फेरी झालीच नसती आणि उरलेल्या रसाचाही कदाचित गूळ झाला असता.

रात्रीचं बोअरिंगही खटकतं. दिवसभर राबलेल्या माणसाने बारीक मापाचं काम रात्री नऊनंतर केलं. ते नीट उतरलं, पण एकदा चक फिरत असताना व्हर्निअर पुढे करण्यासाठी त्याचा हात सवयीने गेला होता. घाणा सकाळी सुरू झाला असता तरी उसाचं काही बिघडत नव्हतं, रस तर तोवर संपला होता. हे संध्याकाळी सातला पुन्हा बसून ठरवायला हवं होतं. एकदा सुटलेली घाई आम्ही कुणी थांबवली नाही.

वर्कशॉप आवरण्याबद्दल माझं आणि मिस्त्रींचं अजून एकमत नाही. मी त्यांना निम्मं भंगार विकायला सांगत होतो. त्यांचं म्हणणं, "सर, इकलं असतं तर त्या कड्या कुठनं आणल्या असत्या?" याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि आता मी विकायचा आग्रह सोडला आहे. पण तांबं-पितळ-ब्राँझचा वेगळा रॅक त्यांनी केला. प्रत्येक गोल वस्तूवर ऑइल पेंटने आतलं माप, बाहेरचं माप आणि लांबी एवढे तीन आकडे लिहायचं काम आमच्या आयटीआयची दोन पोरं सुट्टीच्या दिवशी करतात. नाव मुद्दाम लिहीत नाही. अजून मागची भिंत बाकी आहे, तिथे मुख्यतः पंपांचे भाग आहेत.

शाफ्टचा प्रश्न उघडा आहे. ७४.३ चा जर्नल म्हणजे यापुढचा प्रत्येक बुश खास मापाचा. हंगाम संपल्यावर तो वेल्डिंगने भरून पुन्हा ७५ ला कातायचा की नवा शाफ्ट घालायचा, यावर मालकांनी कोल्हापुरातून दोन्हीचे दर मागवले आहेत. भरलेला जर्नल वेल्डिंगच्या ताणाने वाकतो आणि वरच्या रोलरवर तो वाकडेपणा चालणार नाही, म्हणून माझं मत नव्या शाफ्टकडे आहे. मिस्त्री भरून घ्यायच्या बाजूचे आहेत.